खंडोजी अण्णांचा पेशंट

खंडोजी अण्णांवर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहिल्या तर कुणी असं समजू नये की राग गेला. चिकपेटात बावीस वर्षं मी हुक, बटणं, चेन आणि ब्लाउजचं अस्तर विकतोय. निपाणीहून आलो तेव्हा एका मारवाड्याच्या दुकानात गठ्ठे उचलत होतो, आज त्याच गल्लीत माझ्या नावाची पाटी आहे. इतक्या वर्षांत भाव करताना मला हरवणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्या सगळ्यांशी माझं आज उत्तम आहे, कारण ती घासाघीस करून जिंकली. अण्णा घासाघीस न करता जिंकले. ते मी विसरणार नाही.

बनशंकरीत आम्ही एकाच घरात भाड्यानं राहत होतो, ते खाली आणि आम्ही वर. माणूस ठेंगणा, अंगानं चिवट. पांढरी लुंगी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि शर्टाच्या खिशात टूथपिकची डबी. त्यांचं घराणं कोणे एके काळी कुठल्यातरी सरदाराच्या फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आलं आणि इथलंच झालं. मराठी आमच्यासारखंच, पण त्यात कानडी असं मिसळलेलं की कुठे काय संपतं ते कळू नये. "स्वल्प थांबा" म्हणजे थोडं थांबा, "सरी" म्हणजे ठीक आहे, "बेडा" म्हणजे नको. एवढे तीन शब्द कळले की अण्णांशी निम्मं बोलणं झालंच. माझी बायको शैला त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, तरी ते तिला "अक्का" म्हणत. मला पहिल्या आठवड्यातच त्यांनी "सावकार" म्हणायला सुरुवात केली. मी आधी खूश झालो. नंतर लक्षात आलं, पाण्याच्या टँकरवाल्याशी मी जिन्यात उभा राहून केलेली घासाघीस त्यांनी ऐकली होती.

अण्णांनी पस्तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या डाएट किचनमध्ये काढली. स्वयंपाकी म्हटलेलं त्यांना चालत नसे. "स्वयंपाकी भूक लागलेल्याला वाढतो," ते म्हणत. "आम्ही भूक नसलेल्याला वाढायचो." ढकलगाडीवरून पथ्याची ताटं वॉर्डात न्यायची, हे त्यांचं काम. पण ताट दिल्यावर त्यांचं खरं काम सुरू व्हायचं. तासाभरानं परत आलेली ताटं ते एकेक करून बघायचे. कुणी गंजी, म्हणजे पेज, तशीच ठेवली, कुणी फक्त लोणच्याची फोड चोखून टाकली, कुणी भात पसरून खाल्ल्याचं नाटक केलं. आमच्याकडे सणावारी जेवायला आले तरी ही सवय सुटत नसे. आपलं जेवण झालं की सगळ्यांच्या ताटांवरून एक नजर फिरायची. "अक्का, सावकार पडवळ बेडा म्हणतायत," असं ते शैलाला सांगत. मी पडवळ पोळीखाली लपवलं होतं.

रिटायर झाल्यावर हा माणूस माशांकडे वळला, तेही साध्या माशांकडे नाही. फायटर नावाचा मासा असतो, बेटासुद्धा म्हणतात. बोटाएवढा, झालरीसारखे पंख, आणि स्वभावानं माझ्यासारखा. दोन नर एका भांड्यात ठेवले तर एक उरतो. खाण्याच्या बाबतीत त्याच्याइतकी नखरेल जात मी पाहिलेली नाही. एका चवीची सवय लागली की दुसरं तोंडात घेऊन सरळ थुंकतो. लोक हौसेनं आणतात, चार महिने एकच डबी खाऊ घालतात, आणि मग मासा खाईनासा झाला की अण्णांकडे आणतात. अण्णांच्या मागच्या व्हरांड्यात लाकडी मांडणीवर अकरा काचेच्या टाक्या होत्या. त्या मांडणीला ते वॉर्ड म्हणत. माशांना पेशंट. प्रत्येक टाकीवर पुठ्ठ्याचं एक कार्ड लटकलेलं, त्यावर सकाळ-संध्याकाळ काय दिलं, किती खाल्लं, किती थुंकलं. पाणी चहासारखं पिवळसर, कारण कोपऱ्यावरच्या बदामाच्या झाडाची वाळलेली पानं ते त्यात सोडत. मासा विकायचा नाही, आणून दिलेला मासा चार वेगवेगळ्या गोष्टी खायला लागला की धन्याला परत द्यायचा. त्याला डिस्चार्ज म्हणत.

"रोज तेच जेवण म्हणजे जेवण नव्हे, औषध," हे त्यांचं म्हणणं. "आणि औषध कुणी आयुष्यभर आवडीनं घेतं का?" त्यांच्या फ्रिजमध्ये इडलीच्या पिठाशेजारी लाल अळ्यांच्या गोठवलेल्या वड्या असत. मागच्या अंगणात झाकण लावलेल्या बादलीत डासांच्या अळ्या. एका बाटलीत मिठाच्या पाण्यात अंडी घालून ते धुळीएवढी कोळंबी उबवत. माशांच्या खाद्याचे बारीक दाणे होते, आणि पोट बिघडलेल्यासाठी उकडलेला मटार, साल काढून, मोहरीएवढा तुकडा. सगळं अगदी थोडं. "त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, सावकार. डोळा बघा आणि वाढा." आठवड्यातून एक दिवस सगळ्या वॉर्डाला उपास. त्या दिवशी अण्णाही शेंगदाणे आणि केळ्यावर असत. पेशंट उपाशी असताना आपण चित्रान्न खाणं त्यांना बरं वाटत नसे.

आता माझा मासा.

कुणीतरी मला सांगितलं की गल्ल्याशेजारी मासा ठेवला की बायका दुकानात जास्त वेळ रेंगाळतात. मी जाऊन पांढरा फायटर आणला, कडेला निळसर झाक असलेला. दुकानदारानं सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावर मी सौदा पटवला आणि वर वाळवलेल्या लाल अळ्यांचा मोठा डबा फुकट घेतला. तो इतक्या पटकन कबूल झाला तेव्हाच मला कळायला हवं होतं. पटकन कबूल होणाऱ्याला माल खपवायचा असतो, हे मी कापडात रोज बघतो. माशात विसरलो. डबा फुकटचा होता आणि मोठा होता, म्हणून चार महिने मासा तेवढंच खात राहिला. गिऱ्हाईक बायका खरंच रेंगाळत. त्यांची पोरं चिमटी चिमटी अळ्या टाकत, मी टाकू देत होतो.

एक दिवस तो फुगला. पोट पावट्यासारखं, आणि पोहताना एका अंगावर कलायला लागला. मी त्याला पिशवीतल्या पाण्यात घालून मेट्रोनं घरी आणला. शैला म्हणाली, "खाली दाखवा." मी म्हटलं, "फुकट सल्ला ऐकायला मला वेळ नाही." ती पिशवी माझ्या हातातून घेऊन स्वतःच खाली गेली.

अण्णांनी पिशवी उजेडाकडे धरली आणि अगदी डोळ्यांना लावून बघितली. "काय देत होता?"

मी डब्याचं सांगितलं.

"फक्त तेच?"

"फुकट मिळालं होतं," मी म्हणालो.

बाराव्या टाकीला मांडणीवर जागा नव्हती, म्हणून अण्णांनी आपल्या पोथ्या ठेवायचं स्टूल रिकामं केलं. कार्डावर लिहिलं: पांढरा, सावकारांचा, बद्धकोष्ठ.

तीन दिवस त्यांनी त्याला काहीच दिलं नाही. चौथ्या दिवशी मटाराचा तुकडा दिला, तो त्यानं थुंकला. पाचव्या दिवशी पुन्हा. सहाव्या दिवशी पाण्यात उड्या मारणारे बारीक पांढरे किडे दिले, त्यांना ते पाण्याच्या पिसवा म्हणत. हलतंय म्हटल्यावर पांढऱ्यानं एक गिळला. आठवड्यानं पोट उतरलं. मी रोज दुकानाला जाताना जिन्यावरून विचारायचो, "काय म्हणतोय?" आणि ते म्हणायचे, "सरी आहे." पंधरा दिवसांनी तो सरळ पोहायला लागला तेव्हा मी बरणी घेऊन खाली गेलो.

"डिस्चार्ज नाही," अण्णा म्हणाले.

"बरा झालाय की."

"बरा झालाय. खायला शिकला नाही. दाणा तोंडात घेत नाही. तुमच्याकडे गेला की पुन्हा डबा."

"अहो, मासा माझा आहे."

"पेशंटही कुणाचे तरी असतात, सावकार. म्हणून कुणी सलाइन लावलेला माणूस उचलून नेतो काय?"

मी तापलो. माझा आवाज चढला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं, तेही लागलं. मी म्हणालो, पोलिसात जाईन. ते म्हणाले, स्वल्प थांबा, हात धुऊन येतो, दोघं जाऊ.

पुढची गोष्ट मी शैलालाही बरेच दिवस सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकानातून मी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसला फोन केला आणि कळवलं की आमच्या घरामागे बादलीत डासांच्या अळ्या पाळल्या जातात. तक्रार खरी होती. डेंग्यूचे दिवस होते. पण मी ती डेंग्यूसाठी केली नव्हती. म्हातारा जरा वाकेल, एवढाच माझा हिशेब होता.

दोन बाया टॉर्च घेऊन आल्या. त्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी होतो, बाल्कनीतून सगळं दिसत होतं. एकीनं झाकण काढलं. "अज्जा, हे काय?"

"नाश्ता आहे, अम्मा," अण्णा म्हणाले. "अकरा जणांचा. नाही, बारा."

त्या हसल्या, पण बादली उचलून त्यांनी उन्हात सिमेंटवर पालथी केली आणि पुन्हा असं दिसलं तर दंड होईल म्हणून सांगितलं. अण्णांनी वाद घातला नाही. "तुमचं काम बरोबर आहे," म्हणाले, आणि दोघींना ताक दिलं. त्या गेल्यावर मात्र हा माणूस भर उन्हात उकिडवा बसला आणि हातात ड्रॉपर घेऊन, सिमेंटच्या खळग्यात जे काही वळवळत होतं ते एकेक उचलून वाटीत टाकायला लागला. पाणी आटत चाललं होतं. तो चाचपडत, वाकून, जवळजवळ नाक टेकवून उचलत होता. मी वर आमटीभात खात होतो. घास उतरला नाही असं लिहायला बरं वाटेल, पण उतरला. राग होताच.

संध्याकाळी खाली गेलो. अण्णा जाळी धूत होते. मान वर न करता म्हणाले, "सात दिवस या. सकाळी साडेसहाला. माझ्यासमोर त्याला वाढा. तुमच्या हातचं खायला लागला की न्या."

"तीन दिवस," मी म्हणालो.

"सात."

"चार. आणि रविवारी दोनदा येतो."

"सात."

"पाच, अण्णा. माझं दुकान आहे."

"सात म्हणायला मला काही कष्ट नाहीत, सावकार. तुम्ही दमाल."

मी दमलो. सात कबूल केले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला टूथपिक दिली. टोक ओलं करायचं, त्यावर एक दाणा चिकटवायचा आणि पाण्याच्या वरच्या थरात असा हलवायचा की माशाला तो जिवंत वाटावा. दाणा आदल्या दिवशी लाल अळ्यांच्या पाण्यात भिजवलेला, म्हणजे वास ओळखीचा, चव नवी. पांढरा आला, त्यानं दाणा घेतला आणि लगेच थुंकला.

"थुंकला," मी म्हणालो.

"थुंकू दे. तोंडात तर घेतला ना? किती वेळ?"

"एक सेकंद."

"उद्या दोन."

अण्णा त्या वेळी माझ्या मागे खुर्चीवर बसून असत. टाकीकडे येतही नसत. मी मेहनत करायची आणि त्यांनी विचारायचं: आला काय? घेतला काय? पंख उघडे आहेत की मिटलेले? किती खाल्ले? तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखे ते मला वाटायचे आणि मी चिडून उत्तरं द्यायचो.

तेव्हाच त्यांनी मला लॉरीमालकाची गोष्ट सांगितली. मोठं ऑपरेशन झालेला, आडदांड माणूस. पथ्याची गंजी आली की ताट भिंतीवर मारायचा आणि मटण मागायचा. नर्सा घाबरायच्या. अण्णा रोज नवं ताट घेऊन जायचे आणि दाराशी उभे राहायचे. हातात एक झाकलेली वाटी. "वाटीत काय आहे?" तो ओरडायचा. "आधी ताट, मग वाटी," अण्णा म्हणायचे. चार दिवस ताट भिंतीवर गेलं, चार दिवस वाटी झाकलेली परत गेली. पाचव्या दिवशी त्यानं तीन घास खाल्ले. अण्णांनी झाकण काढलं. आत लिंबाच्या लोणच्याचं दोन थेंब पाणी.

"दोन थेंब?" मी म्हणालो. "मी असतो तर वाटी तुमच्या डोक्यात घातली असती."

"त्यानंही घातली," अण्णा म्हणाले, आणि कपाळावरची खूण दाखवली. "पण सहाव्या दिवशी सगळं ताट खाल्लं. नवं आधी, आवडीचं मागनं. उलटं केलं की संपलं."

पाचव्या दिवशी माझा संयम सुटला. दाणा तीनदा थुंकल्यावर मी टाकीवर हात आपटून ओरडलो, "खा की रे मुडद्या!" पांढरा पानामागे जाऊन बसला. खुर्चीतून आवाज आला, "पहिल्यापासून."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्या पहिला दिवस."

मी टूथपिक मोडून फेकली, तोंडाला येईल ते बोललो आणि शेवटी म्हणालो की मासा घाला चुलीत. शैलानं संध्याकाळी विचारलं, "मग उद्या नाही जाणार?" मी म्हटलं, "जाणार नाही तर काय. तो म्हातारा म्हणेल, सावकार पळाला."

एकूण बारा सकाळी गेलो. शेवटच्या आठवड्यात कधीतरी मला दुकानाची आठवण यायची बंद झाली, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी पांढऱ्यानं दोन दाणे खाल्ले, एक पिसू खाल्ली, मटाराचा तुकडा तोंडात घेऊन विचार केला आणि तोही गिळला. मग आवडीची लाल अळी. मी वळून ओरडलो, "अण्णा, चार! चारही खाल्ले!" कुत्रं भुंकायला लागलं.

अण्णांनी कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "सरी. न्या."

मी बरणी भरली. दारापर्यंत पोचलो तेव्हा ते मागून म्हणाले, "सावकार. आठवड्यातनं एक दिवस त्याला खाली ठेवाल काय? रविवारचं चालेल."

त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी हे ऐकलं, आणि माझ्या तोंडानं, माझ्या बावीस वर्षांच्या तोंडानं, मला न विचारता उत्तर दिलं, "महिन्यातनं एक."

माझ्या मनात काय होतं ते सांगतो. ते म्हणणार, दहा दिवसांनी एकदा. मी म्हणणार, पंधरा. ते म्हणणार, चला आठवडाच करा, आणि मी मोठेपणानं सोडून देणार. माणसं अशीच बोलतात. चिकपेटात कुणी पहिल्या आकड्याला हो म्हटलं तर गल्ली त्याच्याकडे वळून बघेल.

अण्णा म्हणाले, "सरी."

मी दारात उभा राहिलो. वाट बघत होतो. ते मांडणीकडे वळले आणि दुसऱ्या टाकीचं पान बदलायला लागले. जिन्यात शैला उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "काय माणूस आहात हो तुम्ही," एवढंच ती म्हणाली.

माझा राग आहे तो इथला. त्यांनी एकदा नुसतं "नाही हो" म्हणायला हवं होतं. मला मागे यायला जागाच ठेवली नाही.

मासा मी दुकानात नेला नाही, वर आमच्या खिडकीशी मोठ्या टाकीत ठेवला. दर महिन्याचा पहिला रविवार आला की बरणी खाली जायची, सोमवारी सकाळी वर यायची. मी वाट बघायचो की ते एखाद्या बुधवारी म्हणतील, आणा हो जरा. म्हणाले नाहीत. मग मीच एक युक्ती केली. एका शुक्रवारी बरणी घेऊन खाली गेलो आणि सांगितलं की आम्ही चार दिवस निपाणीला चाललोय, मासा ठेवून घ्या. अण्णा म्हणाले, सरी. चार दिवस आम्ही आमच्याच घरात चोरासारखे वावरलो. चपला हातात घेऊन जिना उतरायचो, टीव्ही बंद. मंगळवारी मासा परत आणायला गेलो तर अण्णा म्हणाले, "निपाणीत कुकरला पाच शिट्ट्या देतात काय, अक्का? डाळ फार शिजते." शैला हसून हसून पायरीवर बसली. मला वाटलं, आता तरी ते मागतील. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत बरणी वरच होती.

या काळात त्यांचा वॉर्ड रिकामा होत होता. अकराच्या सात टाक्या झाल्या, मग चार. मी समजलो की लोकांची हौस आटली. मग त्यांची मुलगी सुनंदा आली. ती के. आर. पुरमला राहते, आयटीतली नोकरी, नवव्या मजल्यावर फ्लॅट. वर आमच्याकडे चहा घेताना तिनं सांगितलं की अप्पांना, म्हणजे आमच्या अण्णांना, काचबिंदू आहे. उजवा डोळा जवळजवळ गेलाच, डाव्यानं समोरचं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. दीड वर्षापासून.

मी मनातल्या मनात मागे मोजत गेलो. दीड वर्ष म्हणजे माझा पांढरा आजारी पडला त्याच्या आधीपासून. खुर्चीवर बसून विचारलेलं ते "किती खाल्ले?" परीक्षा नव्हती. त्यांना दिसत नव्हतं. उन्हात नाक टेकवून अळ्या उचलणाऱ्या माणसाला सिमेंट आणि अळी यांतला फरक धड कळत नव्हता, आणि मी वर बसून भात खात होतो.

"मला सांगायला काय झालं होतं?" मी सुनंदाला म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण ती दचकली.

"ते कुणालाच सांगत नाहीत, काका. मलाही डॉक्टरांनी सांगितलं."

त्या संध्याकाळी मी खाली गेलो आणि वॉर्ड ऑफिसच्या फोनचं सांगून टाकलं. अण्णा टाकीतलं पाणी काढत होते. "ताक चांगलं झालं होतं त्या दिवशी," ते म्हणाले. "दोघींनी दोन-दोन पेले घेतले." त्यांना आधीपासून माहीत होतं की नाही, ते आजही मला कळलेलं नाही.

महिनाअखेरीला ते सुनंदाकडे राहायला गेले. सकाळची वेळ, फाटकाशी भाड्याची गाडी, सामान फार नव्हतंच. शेवटचे पेशंट त्यांनी आदल्या आठवड्यात धन्यांना परत दिले होते. मी दुकान उशिरा उघडायचं ठरवून वरून बरणी घेऊन आलो आणि त्यांच्यापुढे धरली.

"अण्णा, हा घेऊन जा. कायमचा."

"बेडा, सावकार."

"मग सहा महिने ठेवा. नंतर मी येऊन नेईन."

"बेडा."

"तीन महिने. बरं, एक. दाणे मी पाठवतो, पिसवा पाठवतो. सुनंदा बघेल." आयुष्यात प्रथमच मी द्यायला घासाघीस करत होतो आणि माझा आकडा खाली खाली चालला होता. "आठवडा तरी ठेवा की हो!"

"सुनंदा आठला जाते, आठला येते," अण्णा म्हणाले. "मला दिसत नाही. तो उपाशी राहिला तर मला कळणार नाही." मग म्हणाले, "आता वाढा. त्याचं खाणं झालं की निघतो."

मी बरणी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवली. खिशात दाणे होते, टूथपिक त्यांनी दिली. पण जिन्यावरून हलत आल्यानं पांढरा बिथरला होता, तळाशी जाऊन पंख मिटून बसला. मी दाणा हलवत राहिलो. सुनंदा गाडीत बसून म्हणाली, "अप्पा, उशीर होतोय." ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अण्णा वाकले आणि त्यांनी आपला कान बरणीच्या काचेला लावला. डोळे मिटले.

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न दिला. मला त्या गाडीचं, सुनंदाच्या ऑफिसचं, सगळ्याचं दडपण आलं. मी म्हणालो, "खाल्ला, अण्णा."

कान काचेवरच होता. "नाही," ते म्हणाले.

हात हलवत राहिलो, अगदी हळू, जसा पहिल्या दिवसांत त्यांनी शिकवला होता त्याहूनही हळू. रस्त्यावरून भाजीवाला गेला. शैला फाटक धरून उभी होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पांढरा तळातून सुटला, बरणीभोवती एक फेरी मारून वर आला, टूथपिकच्या टोकाशी थांबला. मी श्वास घेतला नाही. त्यानं दाणा ओढला. मला काही ऐकू आलं नाही, पण अण्णांनी कान न उचलता एक बोट वर केलं. मी दुसरा दाणा लावला. थोड्या वेळानं दुसरं बोट वर आलं.

"बस," ते म्हणाले. "डोळ्याएवढं."

ते सरळ झाले, भिंतीला हात लावत गाडीपर्यंत गेले, आत बसले आणि दार लावून घेतलं. गाडी वळेपर्यंत मला त्यांची एकच बाजू दिसत होती. कानाच्या पाळीवर बरणीचं पाणी लागलेलं होतं आणि ते त्यांनी पुसलं नव्हतं.